परक्यांशी तासभर, नवऱ्याशी दोन मिनिटं

"बुक क्लबमधल्या माणसांशी जितकं बोलावंसं वाटतं, तितकं नवऱ्याशी वाटत नाही. माझं काही चुकतंय का?" कामानिमित्त सतत फिरतीवर असणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. थोड्याफार फरकाने तो मी बऱ्याच जणांकडून ऐकते. क्लबच्या जागी कधी गाण्याचा ग्रुप असतो, कधी जुने सहकारी. मूळ काळजी तीच, की घरच्यांपेक्षा लांबच्यांजवळ मन जास्त मोकळं होतं. (बाईंची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

त्या अभियंता. कारखान्यांमध्ये यंत्रं बसवून द्यायची, ती सुरळीत चालेपर्यंत तिथेच मुक्काम करायचा, मग पुढचं ठिकाण. ऑनलाइन बुक क्लबमधले सगळेच फिरतीवरचे, कुणी जहाजावर, कुणी लेखापरीक्षक, कुणी दुभाषी. महिन्याला एक पुस्तक आणि पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल. क्लबचे नियम मला त्यांनी फार हौसेने सांगितले. 'अमुक पानापर्यंत वाचा' असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण ई-बुकमध्ये अक्षरं मोठी केली की पानांचा हिशोबच बदलतो. म्हणून प्रकरणाचा आकडा सांगायचा. कॉलची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत ठरते, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, आणि मधल्या दिवसांत पाठ झालेला वेळेचा फरक एका तासाने चुकतो. कॉलला येणं जमलं नाही तर व्हॉइस नोट टाकायची. पुस्तक वाचून झालं नसलं तरी यायचं, फक्त शेवट कुणी सांगून टाकला तर रुसायचं नाही. हा शेवटचा नियम ज्याने केला त्याला माणसं कळतात, असं माझं मत झालं.

"आणि घरी काय म्हणतात?" मी विचारलं.

"नवरा म्हणतो, तिकडे तासभर गप्पा मारतेस आणि मला फक्त 'जेवलास का, झोप आता'."

"तसं आहे का खरंच?"

"आहे ना. म्हणून तर तुमच्याकडे आले."

पुढच्या फेरीत घरी होणाऱ्या प्रत्येक फोनचा विषय वहीत टिपायला मी सांगितलं. वही घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहराच बोलत होता. बिलं, मुलाची फी, गळका नळ, सासूबाईंच्या गोळ्या, परतीचं विमान. एकाही नोंदीत 'तुला काय वाटतं?' नव्हतं. भांडणही नव्हतं. एका कचेरीतल्या दोन पाळ्यांचे कारकून पाळी बदलताना काम सोपवतात, तसं ते चाललं होतं.

क्लबमध्ये मात्र प्रश्नच वेगळे. एका कॉलवर कुणीतरी विचारलं, "त्या म्हाताऱ्याने गाव सोडायला नको होतं, असं तुला का वाटतं?" उत्तर देता देता बाई बोलून गेल्या की सतत निघायचं, सतत पोचायचं, याचा आपल्यालाच वीट आला आहे. हे त्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाल्या, आणि तेही ज्यांना कधी प्रत्यक्ष भेटलेल्या नाहीत अशा माणसांसमोर.

यात विचित्र काही नाही. परक्या माणसाजवळ लोक आश्चर्य वाटावं इतकं मन मोकळं करतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं आहे. परक्याला सांगितल्याने रोजच्या जगण्यात काही हलत नाही. नवऱ्याला तेच सांगितलं की घराचा खर्च, नोकरी, मुलाचं शिक्षण सगळंच हलतं. त्यात पुस्तकाचा आडोसा असतो. बोलणं म्हाताऱ्याबद्दल चाललेलं असतं, म्हणून जीभ अडखळत नाही.

बाईंनी स्वतःच निकाल लावून टाकला होता. क्लब सोडते, म्हणाल्या. मी नको म्हटलं. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार मांडले. आपल्यासारख्यांचा गोतावळा नसणं हा एक, आणि अगदी जवळचं एक माणूस नसणं हा दुसरा. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. क्लब सोडून नवरा जवळ आला नसता. हॉटेलची खोली तेवढी आणखी रिकामी झाली असती, आणि 'तुझ्यासाठी सोडलं' हा हिशोब कधीतरी बाहेर आला असता. मग त्यांनी नवऱ्यालाही क्लबमध्ये घ्यायचं काढलं. त्यालाही मी राजी नव्हते. त्याला वाचनाची आवड नाही, आणि बायकोला स्वतःची म्हणून एक जागा असू द्यावी.

एका सत्राला नवरा आला. तो म्हणाला, "ती दमलेली असते, म्हणून मीच फोन आटोपता घेतो." बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तो ऑफिसातून दमून आलेला असेल म्हणून त्याही आटोपता घेत होत्या!

इथून पुढचं काम तसं साधं होतं. घरकामाची यादी दोघांच्या फोनवर लिहून ठेवायची, ती बोलायची नाही. मग फोनवर बोलायचं काय? सुरुवातीचे फोन फार अवघड गेले, दोघंही गप्प. पुस्तकाने क्लबला जे दिलं होतं, म्हणजे दोघांच्या मध्ये ठेवता येईल असं तिसरं काहीतरी, ते यांच्यात नव्हतं. नवऱ्याला बुद्धिबळाचा नाद आहे. त्यांनी फोनवरच एक डाव मांडला, दिवसाला एक चाल. कोण कुठल्या वेळेत जागं आहे याची अडचण आली नाही. बाई बहुतेक वेळा हरतात, पण वजीर का घालवला यावरून बोलणं सुरू होतं आणि कुठच्या कुठे जातं.

अशा क्लबची काळजी कधी करावी, असंही मला विचारतात. तिथल्या गप्पा घरी लपवाव्या लागत असतील तर, किंवा घरच्याच माणसाला कळायला हवी अशी गोष्ट फक्त तिथेच बोलली जात असेल तर. या बाईंच्या बाबतीत दुसरं होतं. फिरतीचा वीट आल्याचं क्लबला ठाऊक होतं, नवऱ्याला नाही.

त्या विमानतळावरून फोन करूनच सांगणार होत्या. मी थांबवलं. बदललेल्या वेळेशी शरीर जुळवून घेताना साधारणपणे प्रत्येक टाइम झोनमागे एक दिवस जातो. पूर्वेकडे प्रवास असेल तर जास्तच त्रास, कारण बहुतेकांचं शरीरातलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि त्याला लवकर झोपवणं कठीण जातं. अर्धवट झोपेत नोकरीचा विषय काढू नये. घरी येऊन झोप रुळल्यावर त्यांनी सांगितलं.

फिरती कमी करायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. त्याला कर्जाच्या हप्त्यांची काळजी आहे, यांना बढतीची. काही फोन आता भांडणावर संपतात. मागच्या सत्रात बाईंनी हे सांगितलं, पण तक्रार म्हणून नव्हे.