इटलीत दुसऱ्या महायुद्धातले ओसाड बंकर जुन्या लष्करी ट्रकमधून बघता येतात का? आणि बघण्यासारखं खरंच काही उरलंय का?

येतात, आणि उरलंयही भरपूर. तुम्ही लिहिलंय की दोघांनाही गडकिल्ल्यांचं वेड आहे, इटलीत आठवडाभर आहात आणि ‘गॉथिक लाइन’ जुन्या लष्करी गाडीतून फिरवतात असं कुठेतरी ऐकलंय. मी नोकरीनिमित्त उत्तर इटलीत फाएन्झाजवळ राहतो. इथल्या एका मित्राकडे युद्धकाळातली शेवर्ले सी-१५ए (छोटा लष्करी ट्रक) आहे आणि तिच्यातून या भागात मी बराच फिरलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. गॉथिक लाइन म्हणजे सलग तटबंदी नाही. जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेला हटलं आणि आपेनाइन डोंगररांगेत पश्चिमेच्या मास्सापासून पूर्वेच्या पेझारोपर्यंत, साधारण तीनशे किलोमीटर, त्यांनी मोर्चे बांधले. खिंडींवर, नद्यांच्या वळणांवर, रस्ता अरुंद होतो तिथे. बांधकाम टोट संघटनेचं (नाझी जर्मनीची लष्करी बांधकामं करणारी संस्था) आणि राबणारे हात बरेचसे गावकऱ्यांचे, तेही जबरदस्तीने आणलेल्या. त्यामुळे एका जागी उभं राहून ‘ही बघा लाइन’ असं म्हणता येत नाही. एकेक मोर्चा शोधत जावं लागतं.

काँक्रीटच बघायचं असेल तर लुक्काजवळ सेर्किओच्या खोऱ्यात बोर्गो आ मोझ्झानोला जा. इथली बांधकामं सगळ्यात चांगली टिकलीत: रणगाडे अडवायला खोरं आडवं तोडणारी भिंत, डोंगरात खोदलेले बोगदे, मशीनगनचे बंकर. टिकलीत कारण तिथे लढाईच झाली नाही. पूर्वेकडे लाइन फुटली, जर्मन निघून गेले आणि मागून दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढणारे ब्राझीलचे सैनिक आले. गावात संग्रहालय आहे, आधी कळवलं तर स्थानिक लोक आत घेऊन जातात. काँक्रीटवर ओतकामाच्या फळ्यांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात, लाकडाच्या रेषांसकट. बंदुकीच्या झरोक्यापाशी जरा थांबा. आपल्या किल्ल्यांवरच्या जंग्या (तटातली बंदुकीची भोकं) आत रुंद आणि बाहेर निमुळत्या असतात. इथे उलटं बघायला मिळेल. बाहेरची बाजू रुंद आणि तिला पायऱ्या पाडलेल्या. आलेली गोळी घसरत आत न शिरता पायरीवर अडावी म्हणून.

फ्लॉरेन्सच्या उत्तरेला जोगो खिंडीत, ८८२ मीटरवर, अगदी वेगळं चित्र. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकनांनी इथे आणि शेजारच्या मोंते अल्तुझ्झोवर लाइन फोडली. तिथले मोर्चे मुख्यतः माती, ओंडके आणि दगडांचे होते. आता जंगलात ओळीने खड्डे आणि खंदक उरलेत, ओळखायला नजर लागते. पण मला बोर्गोपेक्षा हीच जागा जास्त शिकवून गेली. खंदकात उतरून खाली पाहिलं की रस्त्याचं प्रत्येक वळण माऱ्यात आहे हे कळतं. मग खाली उतरायचं आणि तोच चढ हल्ला करणाऱ्याच्या बाजूने चढायचा. माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं: बंकर आतून बघून अर्धीच गोष्ट समजते. त्याच्या समोर, ज्याच्यावर बंदूक रोखलेली होती त्याच्या जागी उभं राहा.

ट्रकचा उपयोग इथेच होतो. ही शेवर्ले कॅनडात बनलेली आहे. त्या घराण्याच्या लाखो गाड्या ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या सैन्याला मिळाल्या आणि त्यातल्या भारतीय तुकड्यांच्या दिमतीलाही होत्या. स्टिअरिंग उजवीकडे. समोरची काच वरून पुढे झुकलेली, सूर्य चमकून वरच्या विमानाला गाडी दिसू नये म्हणून. इंजिन चालक आणि शेजारच्याच्या मधोमध, त्यामुळे घाटात एक पाय भाजतो. डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे क्लच दोनदा दाबल्याशिवाय, गिअर पडत नाही. उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहायचं नसतं, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग इंजिनाच्या इंधनपंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. बोर्गो सान लोरेन्झो ते फाएन्झा हा घाट (९१३ मीटरवरच्या कोल्ला खिंडीतून) आधुनिक गाडीने तुम्ही गप्पा मारत पार कराल. या ट्रकमधून केलात तर १९४४ च्या पावसाळ्यात, पूल उडवलेले असताना, चिखलातून शिधा आणि दारूगोळा वर नेणं म्हणजे काय असेल याचा अंदाज हाडांना येतो. आठवी भारतीय डिव्हिजन याच डोंगरांतून आली. शेवटचा टप्पा तर खेचरांवर आणि पाठीवर होता.

आता मुख्य जागा. फाएन्झाच्या उत्तरेला, लुगोच्या बाजूला सेनियो नदी. नकाशावर तिच्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही, आणि तिथे काँक्रीटही जवळपास नाही. दोन्ही बाजूंना पुराचे उंच मातीचे बांध आणि मधे ओढ्याएवढी नदी. डिसेंबर १९४४ च्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत आघाडी इथेच अडकली होती. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून मोर्चे केले होते.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने इथे हल्ला केला. त्यात नामदेव जाधवला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला आणि त्याच्या मानपत्रात जागेचं वर्णनच आहे: नदी सुमारे १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट, बांध ३० ते ३५ फूट उंच आणि पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरलेले. नामदेव हा कंपनीचा निरोप्या. नदी ओलांडून ते पश्चिम काठाला लागले आणि पाठीमागून, पूर्व बांधाच्या आतल्या अंगातून गोळीबार सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी, बाकी सगळे ठार. धड उरला एकटा नामदेव. त्याने दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, त्या सुरुंगांतून, बांधावरून पलीकडे नेलं. मग परत येऊन पहिला मोर्चा टॉमी गनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) बंद केला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून दिली आणि हातबॉम्बने आणखी दोन मोर्चे संपवले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करत त्याने मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

हे मी शाळेत असल्यापासून वाचलं होतं, पण ‘पाठीमागून गोळीबार’ म्हणजे नेमकं काय ते बांधावरून खाली उतरल्यावरच समजलं. ज्या मातीवरून तुम्ही आत्ता उतरलात, तिच्याच पोटातून. वळून बघितलं की लपायला एक झुडूपही नाही. ट्रक पूर्वेकडच्या शेतरस्त्यावर उभा करा आणि बांधाकडे चालत जा. सपाट शेतातून तो बांध कसा समोर उभा राहतो तेही बघण्यासारखं आहे. बांध पुढे पुष्कळदा दुरुस्त झालेत, मे २०२३ च्या पुरात सेनियो फुटलीही होती, त्यामुळे मोर्च्यांची भोकं शोधत बसू नका. ती बघायची तर जवळच अल्फोन्सिनेच्या सेनियो लढाईच्या संग्रहालयात छायाचित्रं आणि नकाशे आहेत.

व्यवहाराचं थोडक्यात. असा ट्रक टॅक्सीसारखा भाड्याने मिळत नाही. जुन्या लष्करी वाहनांच्या संग्राहक मंडळांना आधी लिहा. २५ एप्रिल हा इथला मुक्तिदिन, त्याच्या आसपास ते ताफे काढतात आणि पाहुण्यांना बसवून घेतात. स्वतः चालवायचा हट्ट नको: साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. जंगलातल्या वाटांवर गाडी घालायला टस्कनीत कायद्याने बंदी आहे, म्हणून डांबरी रस्ता संपला की बूट. आत शिरायला विजेरी हवी. एकट्याने बोगद्यात जायचं नाही. आणि गंजलेलं काहीही, अगदी डब्यासारखं दिसलं तरी, हात लावायचा नाही. लांब व्हा, ११२ ला फोन करा.

एक दिवस फोर्लीसाठी ठेवा. तिथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं अशा साडेसातशेहून अधिक जणांचं स्मारकही. अजून एक दिवस हाती असेल तर दक्षिणेला उंब्रियातलं मोंतोने. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथल्या टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले, त्यांच्या नावाने २०२३ मध्ये गावात सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलंय. ते अंतर ट्रकचं नाही, साधी गाडी घ्या. तुमच्या तारखा एप्रिलमधल्या असतील तर इथे खाली लिहा, मित्राला विचारून सांगतो.