‘जर्नीमन प्रिंटर’ म्हणजे फिरता मुद्रक?

सोलापूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या छापखाना कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेवर निबंध लिहिताना तिने ‘जर्नीमन प्रिंटर्स’ला ‘फिरते मुद्रक’ म्हटलं आणि सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. मग बरोबर काय?

रेघ योग्यच आहे. ‘जर्नी’ मूळ फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ दिवस, दिवसभराचं काम. इंग्रजीत पुढे त्याचा अर्थ दिवसाची मजल आणि मग प्रवास असा सरकला, पण ‘जर्नीमन’मध्ये जुना रोजाचा अर्थच टिकला. शिकाऊ उमेदवारी संपवून कसब हाती आलेला, पण स्वतःचं दुकान नसल्याने दुसऱ्याकडे मजुरीवर राबणारा तो जर्नीमन. ‘रोजंदार’ म्हणावं तर कसब गळून पडतं. सराफाकडे किंवा शिंप्याकडे अशा माणसाला आपण कारागीर म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो.

गंमत अशी की हे लोक फिरायचेही. संघटनेचं कार्ड खिशात टाकून या गावातून त्या गावात कामाला जायचे. पण शब्द त्यावरून पडलेला नाही.

खरी अडचण ‘मुद्रक’ची आहे. आपल्याकडे १८६७च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव घालणं सक्तीचं केलं. वर्तमानपत्राच्या तळाशी ते नाव असतं, आणि ते अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचं कधीच नसायचं. मुद्रक म्हणजे जबाबदार धनी. सोलापुरात ‘विणकर’ म्हटलं की मागाचा मालक की मागावरचा माणूस, हा प्रश्न उरतोच. म्हणून तिथे ‘कारखानदार’ आणि ‘यंत्रमाग कामगार’ असं फोडून बोलावं लागतं. तसंच हे.

आणि या संघटनेच्या इतिहासात नेमकी हीच फोड महत्त्वाची. १८०९मध्ये न्यूयॉर्कला छापखान्यातल्या कारागिरांची टायपोग्राफिकल सोसायटी निघाली. तिच्यातले काही सभासद पुढे स्वतःच छापखान्याचे मालक झाले. १८१७मध्ये सोसायटीने ठरवलं की कारागिरांचं आणि मालकांचं हित वेगळं, काही बाबतींत तर उलटं आहे, तेव्हा मालकांना आपल्या विचारविनिमयात जागा नको. पुढच्याच वर्षी सोसायटीला कायदेशीर मान्यता मिळाली, पण मजुरीचे दर ठरवायचे नाहीत या अटीवर! १८५०मध्ये गावोगावच्या कारागिरांची राष्ट्रीय परिषद न्यूयॉर्कला भरली, आणि १८५२मध्ये सिनसिनाटीला ‘नॅशनल टायपोग्राफिकल युनियन’ स्थापन झाली; निबंधातली राष्ट्रीय संघटना ती हीच. कॅनडातल्या शाखा आल्यावर १८६९मध्ये ‘नॅशनल’चं ‘इंटरनॅशनल’ झालं.

हे सगळं ‘मुद्रक संघा’चा इतिहास म्हणून वाचलं, तर मालकांनीच मालकांना बाहेर काढल्यासारखं वाटेल. कलकत्त्यात १९०५च्या सरकारी छापखान्यांच्या संपातून निघालेल्या ‘प्रिंटर्स युनियन’चं ‘मुद्रक संघ’ करतानाही हाच घोळ होईल.

माझी पसंती ‘छापखान्यातले कारागीर’ला. ‘जुळारी’ हा कंपोझिटरसाठी सुंदर मराठी शब्द आहे आणि मोह होतो खरा, पण सुरुवातीच्या काळासाठी तो अपुरा पडतो. तेव्हा यंत्रावर छापणारेही याच संघटनेत होते. त्यांनी वेगळी चूल मांडली ती १८८९मध्ये.