बाबा दुबईला गेलेले नाहीत

"मावशी, माझे मिस्टर जूनमध्ये रात्रपाळीला असताना कंपनीतच हार्ट अटॅकने गेले. वय 38. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. मुलीला सगळं माहितीये. मुलाला त्याच दिवशी माझ्या भावाकडे पाठवलं, पंधरा दिवसांनी आणलं, आणि सासूबाईंनी सांगितलं की बाबा दुबईला कामाला गेलेत, दिवाळीला येतील. मी तेव्हा भानावर नव्हतेच, मीही मान डोलावली. मिस्टरांचा फोन दिरांकडे आहे, त्यावरून कधीकधी 'शहाण्यासारखा वाग' असा मेसेज येतो, तो मुलगी त्याला वाचून दाखवते. फोटो कपाटात ठेवलाय. आता तो अंथरूण ओलं करतो, मला संडासलाही एकटी जाऊ देत नाही. परवा म्हणाला, मी बाबांचा चष्मा तोडला म्हणून ते फोन करत नाहीत ना? आणि आई तू टिकली का लावत नाहीस? सासूबाई म्हणतात मोठा झाला की कळेल आपोआप. दिवाळी तोंडावर आलीये. काय करू? – एक आई, सातारा जिल्हा"

तू मला मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते हं. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चष्म्यापाशी अडकले. चार महिने झाले ते पोर मनातल्या मनात हिशोब लावत बसलंय की बाबा बोलत का नाहीत, आणि हिशोबात त्याला सापडलं काय तर स्वतःची चूक. या वयाच्या मुलांचं असंच असतं, जगात जे काही होतं ते आपल्यामुळे होतं असं त्यांना खरंच वाटतं, आणि मोठ्यांनी कारण दिलं नाही की ती स्वतःच एक कारण तयार करतात, ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणजे बघ, बाप वारला हे दुःख त्याला कुणी दिलंच नाही. त्याऐवजी काय मिळालं तर बाप रागावून निघून गेला, जिवंत आहे, मेसेज करतो पण माझ्याशी बोलत नाही. यातलं कुठलं सोपं, तूच सांग.

सांगून टाक. दिवाळीच्या आधी, या रविवारी.

दिवाळीच्या आधी का, ते सांगते. तुमच्याकडेही असेलच की ज्या घरात वर्षात कुणी गेलंय तिथे पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. त्याला ते दिसणार आहे. चाळीत सगळ्यांच्या घरी चकल्या आणि आपल्याकडे डबे बाहेरून येतायत, येणारी प्रत्येक बाई आईला जवळ घेऊन रडतेय, आणि बाबा तर येणार होते. त्या चार दिवसांत कुणीतरी बोलून जाणारच, नाहीतर गल्लीतलं एखादं मोठं पोर खेळता खेळता तोंडावर फेकणार. तुझ्या तोंडून कळणं आणि तसं कळणं यात फार फरक आहे गं.

मला माहितीये तो फरक. माझी आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला सकाळीच शेजारच्या काकूंकडे पाठवलं, त्यांनी पोहे दिले, वर दुसऱ्यांदा वाढले, एरवी कधी वाढायच्या नाहीत. दुपारी घरी आले तर आजीची बाज धुऊन अंगणात भिंतीला उभी लावलेली, सुंभातून अजून पाणी गळत होतं. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी दुसऱ्यांदा वाढलं की पोटात गोळा यायचा. पोरांना कळत नाही असं आपल्याला वाटतं. त्यांना सगळं कळतं, फक्त विचारायचं नाही हेही कळतं. तुझा मुलगा टिकलीचं विचारतोय म्हणजे त्याला अर्धं कळलेलं आहेच.

कसं सांगायचं. रात्री झोपताना नको, सकाळी, पोट भरलेलं असताना, त्याच्या नेहमीच्या जागी बसून. जवळ घे आणि साध्या शब्दात बोल. "बाबा दुबईला गेलेले नाहीत. बाबा वारले. त्यांचं हृदय अचानक बंद पडलं, डॉक्टरांनाही ते परत चालू करता आलं नाही. हृदय बंद पडलं की माणूस मरतो, मग त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येऊ शकत नाही. बाबांना यायचं नाही असं नाही, त्यांना येताच येणार नाही. आणि चष्म्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी तुला खोटं सांगितलं, कारण मला तेव्हा बोलताच येत नव्हतं. माझं चुकलं." एवढंच. चष्म्याचं वाक्य मात्र विसरू नकोस, बाकी पुढेमागे झालं तरी चालेल.

देवाघरी गेले, तारा झाले, हे सासूबाईंना म्हणायचं असेल तर म्हणू देत, आपण सगळे तसंच ऐकत मोठे झालो, पण आधी 'वारले, परत येणार नाहीत' हे स्वच्छ सांगून झालेलं असू दे. सहा वर्षांच्या मुलाला देवाघर म्हणजे मामाच्या गावासारखं वाटतं, एसटीने जाता येतं, परत येता येतं. आणि 'झोपले' तर बिलकुल नको, मग पोरं झोपायलाच घाबरतात. 'देवाला आवडले म्हणून नेलं' हेही नको, मग उद्या तू आवडलीस तर काय.

ऐकल्यावर तो कदाचित धाय मोकलून रडेल, किंवा दोन मिनिटं गप्प बसून विचारेल, मी क्रिकेट खेळायला जाऊ? जाऊ दे. सासूबाई म्हणतील बघा याला काही वाटलंच नाही, तर तसं नसतं, मुलं एकदम सगळं दुःख करत नाहीत, थोडंसं करतात, खेळून येतात, परत थोडंसं करतात. रात्री भात कालवताना अचानक विचारेल, बाबांना जाळलं तेव्हा भाजलं का? हेच पन्नास वेळा विचारेल. पन्नास वेळा तेच उत्तर द्यायचं, नाही रे, मेलेल्या शरीराला काही कळत नाही. आणि एक प्रश्न हमखास येणार, आई, तू पण मरशील का? तुला संडासला जाऊ देत नाही ते त्याचमुळे. तेव्हा 'मी कध्धीच मरणार नाही' अशी शपथ घेऊ नकोस, एक खोटं निस्तरताना दुसरं कशाला. म्हण की मी ठणठणीत आहे, खूप म्हातारी होईपर्यंत जगायचा माझा विचार आहे, आणि मला काही झालंच तर मामा आहे, काका आहेत, आजी आहे, तू एकटा पडणार नाहीस. अंथरुणाबद्दल रागवायचं नाही, चादर बदलायची, झालं. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगून ठेव, नाहीतर 'माझे बाबा' निबंध द्यायच्या नेमक्या त्याच दिवशी त्या.

आता मुलीबद्दल. खरं सांगू का, मला जास्त काळजी तिची वाटते आणि तुझ्या पत्रात तिला दोनच वाक्यं मिळालीत. ती 12 वर्षांची मुलगी मेलेल्या बापाच्या नावाने आलेला, काकांनी टाईप केलेला मेसेज, बापाच्या आवाजात भावाला वाचून दाखवते. आठवड्यातून एकदा असेल, दोनदा असेल, पण ते करताना तिच्या आत काय होत असेल याचा विचार कुणी केलाय का? तिला घरात रडता येत नाही कारण धाकट्याला कळेल, बाबांचं नाव काढता येत नाही, फोटो कपाटात, आणि दहाव्याला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी नक्की म्हणालं असणार, आता तूच घरातली मोठी, आईला सांभाळ. ते ओझं आधी तिच्या डोक्यावरून उतरव. मुलाला सांगायच्या आदल्या दिवशी तिला एकटीला घेऊन बस, तुम्हा दोघींच्या चहाला, आणि सांग की हे नाटक आपण बंद करतोय, ते तुझ्याकडून करवून घ्यायलाच नको होतं. भावाला सांगताना तुला जवळ बसायचं असेल तर बस, नसेल तर मैत्रिणीकडे जा, दोन्ही चालेल. मला तर वाटतं त्या दिवशी मुलापेक्षा तीच जास्त रडेल.

सासूबाईंवर चिडू नकोस. त्यांचा लेक गेलाय. नातवाला 'येणार आहेत' सांगताना त्या स्वतःलाही तेच सांगत असतील, दिवसातून दोन मिनिटं का होईना त्यांचा मुलगा दुबईत असतो. म्हणून त्यांना वाद घालून पटवायला जाऊ नकोस, विचारूही नकोस, फक्त आदल्या रात्री कळव की आई, मी उद्या सांगणार आहे, तुम्हाला जवळ बसायला जमेल का. नाही म्हणाल्या तर नाही. मग फोटो बाहेर काढा, आणि हार मुलाच्या हातून घालू दे, अंत्यदर्शन त्याचं राहून गेलं, निदान हे तरी त्याचं असू दे. आकाशकंदील लावायचा का हेही त्यालाच विचार.

टिकलीचं तुझं तू ठरव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 च्या मे महिन्यात ठरावच केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. लावावीशी वाटली तर मुलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लाव, नको वाटली तर 'मला सध्या नको वाटतं' एवढं त्याला पुरेल.

हे सगळं केल्यावर महिना-दोन महिन्यांत हळूहळू फरक पडायला हवा. नाही पडला, जेवण तुटलं, शाळा बंदच झाली, किंवा दोघांपैकी कुणी 'मला बाबांकडे जायचंय' असं म्हणायला लागलं तर थांबायचं नाही, बाबांकडे जायचंय असं कानावर आलं तर त्याच दिवशी. सरकारची टेली मानस म्हणून हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. आणि पहिला नंबर तुलाही चालतो बरं का, सगळ्या पत्रात तू स्वतःला झोप लागते की नाही हे कुठेच लिहिलेलं नाहीस.

राहता राहिला तो फोन. दिरांकडून मागून घे, आजच. मेसेज बंद, पण फोन फॉरमॅट करू देऊ नकोस कुणाला. त्यात मिस्टरांचे व्हॉइस मेसेज असतील, 'येताना काय आणू' वगैरे, मुलांचे व्हिडिओ असतील, ते सगळं भावाला सांगून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव. रिचार्ज संपला की काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते, आणि मग एक दिवस बाबांच्या नावाखाली भलत्याच माणसाचा डीपी दिसतो. हे मुलांना आधी सांगून ठेव, किंवा नंबर चालू ठेवायचा तर महिन्याचा रिचार्ज दिरांना करू दे, त्यांनाही काहीतरी करायचंच असेल.