ढोल पोटात वाजतो

‘सगळे इंदूर गेर पाहायला राजवाड्यावर लोटते आणि आमचा मुलगा पलंगाखाली जाऊन बसतो. त्याला आम्ही न्यावे, की घरीच ठेवावे?’ रंगपंचमी होऊन तीन दिवस झाले होते. प्रश्न विचारणाऱ्या वडिलांच्या कानामागे गुलालाचा फिकट डाग अजून राहिला होता. आई शेजारीच होती, पण तिने खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतली होती आणि ती खिडकीकडे पाहत होती. या प्रश्नावर घरी बरेच बोलून झाले असावे, हे सांगायला नको होते. सणासुदीला मूल रमत नाही, गर्दीत रडते, कान झाकून घेते आणि मग त्यावरून घरात दोन तट पडतात, ही तक्रार माझ्याकडे वर्षातून दोनदा हमखास येते, एकदा होळीनंतर आणि एकदा गणपतीनंतर. म्हणून या कुटुंबाची हकिकत, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, सांगते आहे. मुलाला आपण ओजस म्हणू. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

ओजस चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून राजवाड्यासमोर नेले होते. इंदूरची गेर ज्यांनी पाहिली नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगते : फाल्गुन वद्य पंचमीला टोरी कॉर्नरसारख्या ठिकाणांहून निघालेल्या मिरवणुका जुन्या शहरातून राजवाड्याकडे येतात, टँकरमधून रंगाच्या पाण्याचे फवारे उडतात, यंत्रांतून गुलाल घरांच्या गच्च्यांहून उंच फेकला जातो आणि रस्ता असा भरतो की माणूस स्वतः चालत नाही, गर्दीच त्याला चालवते. वडील स्वतः लहानपणी आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून हे सगळे पाहत आले होते, आणि आपल्या मुलाला ते पहिल्यांदा दाखवण्यासाठी त्यांनी चार वर्षे वाट पाहिली होती. गुलालाचे पहिले यंत्र जवळच सुटले, तसे ओजसने त्यांचे केस मुठीत धरले आणि तो किंचाळू लागला. त्या दाटीतून बाहेर पडायला त्यांना पाऊण तास लागला. हा पाऊण तास मी माझ्या वहीत ठळक लिहून ठेवला, कारण पुढे सगळे त्याच्याभोवती फिरणार होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत घराने दोन्ही टोकांचे उपाय करून पाहिले. आधी ‘सवय होईल’ म्हणून त्याला वस्तीतल्या गणपतीच्या आरतीला हात धरून उभे केले, तेव्हा तो मांडवातच उलटी करून मोकळा झाला. मग त्याला कुठेच न्यायचे नाही असे ठरले. वडील आणि आजी-आजोबा बाहेर जाऊ लागले, आई आणि ओजस घरी राहू लागले. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले हलते देखावे, आईने सलग दोन वर्षे पाहिल्या नव्हत्या. हे तिने सांगितले तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा कापला. सक्तीने भीती वाढते हे पालकांना पटकन पटते, पण पूर्ण टाळल्यानेही ती वाढते, हे पटायला वेळ लागतो. जे पाहिलेच नाही ते मुलाच्या मनात दर वर्षी थोडे अधिक भयंकर होत जाते, आणि आपण टाळले म्हणूनच वाचलो, असा त्याचा समज पक्का होतो.

पहिल्या भेटीत मी एवढेच केले की ओजसला बालरोगतज्ज्ञांकडे आणि श्रवणतज्ज्ञांकडे पाठवले. आवाजाने कळवळणाऱ्या मुलाचे कान तपासल्याशिवाय त्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे. मूल मिक्सरने, हाताच्या ड्रायरने, शाळेच्या घंटेनेही हैराण होत असेल, कपड्यांच्या शिवणी त्याला टोचत असतील, बोलण्यात किंवा इतर मुलांशी खेळण्यात ते मागे असेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही आणि उशीर करण्यात फायदा नाही. ओजसच्या बाबतीत तसे काही आढळले नाही, कानही उत्तम होते.

दुसऱ्या भेटीत तो एकटा माझ्यासमोर बसला. ‘भीती का वाटते?’ हा प्रश्न मी मुलांना विचारत नाही, कारण त्याचे उत्तर त्यांच्याकडे नसते आणि ते नसल्याबद्दल त्यांना आणखी लाज वाटते. मी त्याला आवाजांची चित्रे काढायला सांगितली. फटाका त्याने काट्यांचा काढला. डीजेचा चौकोन काळा केला. ढोल मात्र त्याने गोल, लाल आणि सुंदर काढला, पण माणसाच्या पोटात. ‘ढोल पोटात वाजतो,’ तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘लांबून वाजला तर आवडतो. घराच्या खिडकीतून आवडतो.’ आणि शेवटी, खडू खाली ठेवताना, ‘कधी थांबणार ते कोणीच सांगत नाही.’

आई-वडिलांना मी ही तीन वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवली. या मुलाला सण नको नव्हता. त्याला अंतर हवे होते, शेवट माहीत हवा होता आणि बाहेर पडण्याची वाट हवी होती, जी त्या पाऊण तासात त्याला मिळाली नव्हती.

अंतराचे गणित वडिलांना आवडले, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि मोठ्या स्पीकरच्या भिंतीसमोर आवाज सहज 100 च्या वर जातो. कारखान्यातल्या कामगारांसाठी वापरला जाणारा एक मान्य हिशेब असा की 85 डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते, म्हणजे 100 डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. लहान मुलाच्या बाबतीत तर आपण याहून अधिक जपायला हवे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण दोन्हीकडे उंच घरे असलेल्या जुन्या शहरातल्या गल्लीत तो भिंतींवर आपटून परत येतो आणि हा हिशेब कोलमडतो. म्हणजे ओजसला जिथे सर्वांत जास्त त्रास झाला, ती जागा खरोखरच सर्वांत कठीण होती. त्याचे कान खोटे बोलत नव्हते.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी कानांवर लावायचे मफ सुचवले, जे आवाज साधारण 20 ते 25 डेसिबलने कमी करतात, आणि एका नातेवाइकाकडच्या साखरपुड्यात ते लावून पाहा, असे सांगितले. बँड वाजला, मफांनी त्यांचे काम चोख केले, पण प्रत्येक पाहुणा ‘हे काय लावले आहे याला?’ असे विचारत राहिला आणि ओजस पुन्हा एका खोलीत जाऊन बसला. आवाजापासून मी त्याला वाचवले होते आणि नजरांच्या तोंडी दिले होते. कुटुंबातल्या मोठ्यांशी आधी बोलल्याशिवाय मुलाला अशी वस्तू देऊ नये, हे मी तेव्हापासून पाळते. आणि ती दिवसभरही लावू नये. सतत शांततेत राहिलेल्या कानांना साधे आवाजही मोठे वाटू लागतात.

साखरपुड्यानंतर आजोबा माझ्याकडे आले, ते रागावूनच. ‘ताई, तुम्ही पोराला घाबरायला शिकवता आहात,’ ते म्हणाले. ते इथल्याच एका कापड गिरणीत विणाई खात्यात होते. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या कामगारांनी इंदूरच्या झांक्यांची परंपरा उभी केली, आणि गिरण्या बंद पडल्यावरही ती चालू ठेवली. शंभर वर्षांची ही परंपरा आपल्या घरातून आपल्या नातवापाशी तुटणार, हे त्यांचे खरे दुःख होते. मी त्यांना झांक्यांविषयी विचारले, आणि ते तासभर बोलले : बांबू आणि कागदाच्या लगद्याचे राक्षस, सायकलच्या चेनवर हलणारा रावणाचा हात, रात्रभर जागून केलेली वायरिंग. बोलताना मी डाव्या बाजूने काही विचारले की ते मान वळवून उजवा कान पुढे करत होते. तिथे श्रवणयंत्र होते.

‘मिरवणुकीत हे यंत्र त्रास देत नाही का?’ मी विचारले.

ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘मिरवणुकीत मी ते काढून खिशात ठेवतो. ढोल जवळ आला की डोके फुटते.’

मागांच्या खडखडाटात वर्षे काढलेल्या अनेकांचे असे होते. आतल्या कानाला इजा झाली की हळू आवाज ऐकू येत नाहीत, आणि मोठे आवाज मात्र एकदम असह्य होतात. मी हे त्यांना समजावून सांगितले, पण ओजसचे नाव घेतले नाही. ते त्यांनीच घेतले. ‘म्हणजे मी खिशात ठेवतो आणि तो कानावर लावतो,’ असे म्हणून ते बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसले. त्या दिवसापासून त्या घरात ‘सवय होईल’ हे वाक्य कोणी उच्चारले नाही.

गणपतीत आम्ही घरच्या आरतीपासून सुरुवात केली. आईने आरत्यांचा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवापाशी लावला : आधी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’, मग ‘लवथवती विक्राळा’, ‘दुर्गे दुर्घट भारी’, ‘युगे अठ्ठावीस’, नंतर ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्पांजली. मंत्रपुष्पांजली आली की संपले, हे ओजसला आता डोळ्यांनी दिसत होते. आपल्या आरत्यांना ठरलेला क्रम आहे, ही अशा मुलांसाठी केवढी सोय आहे, हे मला त्याच्यामुळे उमगले. आजोबांनी त्याला टाळ दिले. स्वतःच्या हातून निघणारा आवाज माणसाला दचकवत नाही, कारण तो कधी येणार हे हाताला आधीच ठाऊक असते. चौथ्या दिवशी तो इतरांपेक्षा जोरात टाळ वाजवत होता, आणि त्याची आजी, जी एरवी कमी बोलते, तिने मला फोन करून तेवढे एकच सांगितले.

झांकीचा बेत आजोबांचा होता, माझा नव्हे. चतुर्दशीच्या आठवडाभर आधी, दुपारी, ते ओजसला घेऊन झांक्या जिथे तयार होतात तिथे गेले. ओळखीच्या जुन्या माणसांनी त्याला मोटरचे बटण दाबू दिले. मारुतीचे डोके अजून धडाला लागायचे होते आणि ते जमिनीवर एका पोत्यावर ठेवले होते. ओजसने त्या डोक्याच्या आत जाऊन पाहिले. पुढच्या भेटीत त्याने मला त्या मारुतीच्या आतल्या बांबूंचे चित्र काढून दिले, बाहेरच्या मारुतीचे नाही.

चतुर्दशीच्या रात्री जेल रोडवरच्या एका नातेवाइकांच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी ठरली. मागे एक आतली खोली होती आणि तिचे दार ओजसला दिवसा नेऊन दाखवले होते. ठरले होते ते असे की त्याने आईचा पदर दोनदा ओढला की आई कोणताही प्रश्न न विचारता त्याला घेऊन निघेल, ‘अजून एकच झांकी’ असे कोणीही म्हणणार नाही, आणि मागे राहतील ते तोंड न पाडता राहतील. यातले शेवटचे सर्वांत अवघड असते. मुलाच्या पाया पडून त्याला थांबवणारे पालक मी पाहिले आहेत, आणि मूल निघाल्यावर दोन दिवस अबोला धरणारेही. मुलाला दोन्हींतून एकच कळते : तुझ्यामुळे आमचा सण गेला. अशाने पुढच्या वर्षी ते पदर ओढत नाही, आधीच तापाने फणफणते.

आखाड्यातली मुले पट्टे फिरवत गेली, दोन झांक्या गेल्या. तिसऱ्या झांकीवर त्याचा मारुती होता. ओजस मफ काढून ओरडला, ‘आबा, बटण मी दाबले होते!’ त्यानंतर मागून डीजेची गाडी आली आणि त्याने पदर ओढला. वीस मिनिटे झाली होती. आई त्याला घेऊन निघाली. बरोबर आत्याही निघाली, आणि तासाभराने आत्याला ओजसजवळ सोडून आई परत गॅलरीत आली. पहाटेपर्यंत तिने झांक्या पाहिल्या. या तडजोडीचा मला ओजसच्या वीस मिनिटांइतकाच आनंद आहे. कुटुंबाने मिळून सण साजरा करायचा म्हणजे सर्वांनी सर्व वेळ एकाच जागी उभे राहायचे असे नाही, आणि एकाच माणसाने, बहुतेक वेळा आईनेच, दर वर्षी घरी थांबायचे असेही नाही.

वडील मात्र खट्टू होते. वीस मिनिटे त्यांना फार कमी वाटली. त्यांच्याशी मी दोनदा स्वतंत्र बोलले. खांद्यावर मूल आणि समोर उडणारा गुलाल, हे चित्र त्यांनी तीस वर्षे जपले होते आणि ते सोडून देणे म्हणजे आपले बालपण सोडणे, असे त्यांना वाटत होते. मी त्यांना ते सोडायला सांगितले नाही. गेरमध्ये त्यांनी स्वतः जावे, मित्रांबरोबर मनसोक्त भिजून यावे आणि घरी येऊन ओजसला सगळे सांगावे, इतकेच सुचवले. ‘तू नव्हतास’ हे शब्द न वापरता सांगावे, असेही म्हटले. त्यांना ते जमायला वेळ लागला. पण जमले.

पुढच्या रंगपंचमीला सकाळी अंगणात रंग झाला, पिचकारी ओजसच्या हातात. वडील गेरला गेले. दुपारी गर्दी ओसरल्याचा त्यांचा फोन आला, तेव्हा आजोबा ओजसला घेऊन राजवाड्यावर पोहोचले. इंदुरात गेर संपताच महापालिकेचे सफाई कर्मचारी आणि यंत्रे रस्त्यावर उतरतात आणि काही तासांत सगळे धुऊन काढतात. ओजसने रंगीत पाण्याचे ओहोळ पाहिले, फिरते ब्रश असलेली गाडी पाहिली, आणि चपला हातात घेऊन तो गुलाबी रस्त्यावर अनवाणी चालला. वडील तिथेच भेटले, नखशिखांत रंगलेले. त्याने त्यांना हाताने चाचपून पाहिले आणि मग स्वतःहून त्यांच्या खांद्यावर चढला.

रंग लागू नये म्हणून सात मजली राजवाड्यावर गेरच्या आधी जाड आवरणे टाकतात, आणि ती उतरवण्याचे काम तेव्हा चालू होते. चार दिवसांनी मला भेटायला आला, तेव्हा ओजस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, ‘तुम्हाला माहीत आहे, राजवाड्याला पण झाकतात.’