शेततळ्यातलं शेवाळ आणि डिझेलचा हिशोब

चिकोडीकडच्या दादांनी विचारलंय: शेततळ्यावर हिरवी, तेलकट साय येते, बोट्रिओकॉकस ब्राउनी या शेवाळात तेल असतं म्हणे, तर तेच वाढवून पंपाला डिझेल करता येईल का?

तेल असतं, यात थाप नाही. सुकवलेल्या वजनाच्या 30 टक्के धरा, वाणाप्रमाणे कमीजास्त. तेही बरंचसं पेशीच्या बाहेर, पेशींना धरून ठेवणाऱ्या थरात. मायक्रोस्कोपखाली द्राक्षाच्या घोसासारखी वसाहत दिसते. वरची काच हलकेच दाबली की कडेनं तेलाचे थेंब पाझरतात. आपल्याच मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत यावर बरंच काम झालंय.

आता हिशोब मांडा. हिरव्या पाण्यात ऊन खोल जात नाही, म्हणून हे वीतभर पाण्यात वाढवतात. 20 बाय 20 मीटर जागा, 20 सेंटीमीटर पाणी, म्हणजे 80 हजार लिटर. लिटरमागं अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ धरलं तर 40 किलो, त्यात तेल 12 किलो. एवढ्यासाठी 80 हजार लिटर पाणी गाळत बसायचं! त्यात हे मुलखाचं आळशी. दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतं, तोवर दुसरं शेवाळ तळं बळकावतं.

आणि हे करंजीच्या तेलासारखं नव्हे. त्याचं बायोडिझेल मिथेनॉल घालून होतं. यातले हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे लांब रेणू, रिफायनरीत हायड्रोजन देऊन तोडावे लागतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात तसं केलं, तर 67 टक्के पेट्रोल निघालं, विमानाचं इंधन आणि डिझेल 15-15 टक्के. तुमच्या पंपाच्या वाट्याला काय येणार?

शेवाळ वाढायला कार्बन डायऑक्साइडही लागतो. साखर कारखान्याच्या चिमणीतल्यापेक्षा डिस्टिलरीच्या आंबवण्याच्या टाकीतला बरा, खूप स्वच्छ असतो. पण तो वापरणं कारखान्याचं काम, एकट्या शेतकऱ्याचं नव्हे.

राहिली तुमची साय. काडीनं ढवळा. काचेसारखे तुकडे झाले तर लोहाच्या जिवाणूंचा पापुद्रा, तेल नव्हेच. हिरवा रंग सांडल्यासारखी दाट साय असेल तर बहुधा निळं-हिरवं शेवाळ, आणि त्यातली काही विषारी असतात. बाटलीभर पाणी बेळगावातल्या एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. तोवर म्हशींना त्या तळ्यावर सोडू नका, खतमिश्रित पाणी तळ्यात उतरत असेल तर आधी चर काढून तेही वळवा.