सकाळी तीन, संध्याकाळी चार

प्रश्न : मी जपानी भाषा शिकतो. वर्गात 'चोसानबोशी' हा चार चित्राक्षरांचा वाक्प्रचार आला आणि 'वरवरच्या फरकाला भुलणे' असा त्याचा अर्थ सांगण्यात आला. माझा चिनी सहकारी मात्र हीच अक्षरे धरसोड करणाऱ्या माणसाला लावतो. खरा अर्थ कोणता? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपापल्या भाषेत दोन्ही अर्थ बरोबर आहेत. चिनी उच्चार साधारण 'चाओ सान मू स' असा असून शब्दशः अर्थ 'सकाळी तीन, संध्याकाळी चार' एवढाच होतो.

मूळ गोष्ट इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ताओवादी विचारवंत चुआंग त्झू याच्या नावावरील ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. माकडे पाळणाऱ्या एकाने ओकची फळे वाटताना 'सकाळी तीन, संध्याकाळी चार' असे सांगताच माकडे खवळली आणि 'बरे, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन' म्हणताच खूश झाली. (तीन फळे की तीन मापे, हे मूळ मजकूर सांगत नाही.) बेरीज सातच. चुआंग त्झूचा रोख होता तो, सर्व काही मुळात एकच आहे हे न ओळखता डोके शिणवणाऱ्यांवर. 'लिए त्झू' या ग्रंथात मात्र पाळणारा प्राचीन चीनमधल्या 'सोंग' नावाच्या राज्यातला आहे, घरच्यांच्या तोंडचा घास काढून माकडांना घालणारा. अन्न कमी पडू लागल्यावर तो ही युक्ती करतो आणि शहाणा माणूस अडाण्यांना कसा खेळवतो, हे तात्पर्य तेथे उघडच सांगितले आहे. जपानीत हा फसवणुकीचा अर्थ टिकला, कोरियनमध्येही.

चिनीत तो सरकला. आकड्यांची अदलाबदल लोकांच्या लक्षात राहिली, बेरीज विसरली गेली. 'सकाळी छिन, संध्याकाळी छू', म्हणजे या दोन राज्यांमध्ये सतत बाजू बदलणे, या त्याच साच्यातल्या वाक्प्रचाराचाही परिणाम झाला असावा. आज चिनी माणूस तो प्रेमात एकनिष्ठ नसलेल्याला किंवा दर महिन्याला अभ्यासाचा विषय बदलणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकवतो. आपल्या 'तळ्यात-मळ्यात'पेक्षा त्यात दोषारोप अधिक आहे, त्यामुळे सहकाऱ्याला थट्टेनेही तो लावू नये. जपानीत 'सकाळचा हुकूम संध्याकाळी फिरवणे' म्हणायचे असेल, तर 'चोरेइबोकाइ' हा वेगळा शब्द आहे, आणि तोही मुळात चीनमधूनच आलेला.