फौजेतलं काम गॅरेजवाल्याला कळेल असं लिहा

ताई, चोवीस वर्षांचा मुलगा पाच वर्षं फौजेच्या वाहनदुरुस्ती विभागात काम करून चार महिन्यांपूर्वी परतला, पहाटेपर्यंत जागा असतो, दोन गॅरेजांतली कामं सोडून बसलाय. आता रखवालदाराची नोकरी धरावी का, असं तुम्ही विचारलंत.

इतक्यात नको. ती चटकन मिळते, पण रात्रपाळीनं झोप आणखी मोडेल आणि हातातलं कसब गंजेल.

आधी त्याचा बायोडाटा बघा. पलटण, हुद्दा आणि लघुरूपं एवढंच असेल, तर मालकाला त्यातून काहीच कळत नाही. वही घेऊन बसा आणि त्याला विचारा: महिन्याला किती गाड्या हाताखालून जायच्या? इंजिन, ब्रेक, हायड्रॉलिक यांतलं नेमकं काय उघडायचा? सुट्या भागांची नोंद कोण ठेवायचं? ‘सेक्शन कमांडर’ऐवजी ‘नऊ जणांना काम वाटून देणं, अवजारांचा हिशेब ठेवणं’ असं लिहा. आकडा मात्र खरा हवा. तैनातीची ठिकाणं, शस्त्रांचा तपशील अजिबात नको. सेवामुक्तीचा कागद आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. फौजेतला वाहन परवाना बाहेर चालेलच असं धरू नका, आधी चौकशी करा.

दोन्ही कामं का सुटली, हे त्याला शांतपणे विचारा. फौजेत हुकूम स्पष्ट असतो. गॅरेजमध्ये ‘बघ जरा’ एवढंच सांगतात, आणि शिस्तीतला माणूस तिथे भडकतो. पुढच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी त्यानं विचारून घ्यावं: काम कोण सांगणार, कधीपर्यंत हवं, झालं की तपासणार कोण?

झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. दुपारची डुलकी बंद, दुपारनंतर चहाही नको. झोप यावी म्हणून दारू घेत असेल, तर उत्तररात्री ती झोप मोडतेच. भयानक स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं महिन्याहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर त्याच दिवशी.

हाक मारली तरी ओ देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याचा राग मानण्याआधी कानांची तपासणी करून घ्या. इंजिनांच्या आणि गोळीबाराच्या आवाजानं आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. मग गोंगाटात शब्द निसटतात आणि माणूस बोलणंच टाळू लागतो.